रानातला अभ्यासवर्ग : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना रानात मुक्कामी नेऊन जीवशास्त्र शिकवण्याविषयी मागच्या अंकात एक टिपण आले होते. त्यावर चंद्रपूर, गोंदिया, अमरावती, गडचिरोलीकडून बरीच पत्रे आली. त्यांपैकी निवडक प्रश्न आणि असे वर्ग घेणाऱ्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : उष्णकटिबंधीय जीवशास्त्र म्हटले की पुस्तकांत कोस्टा रिका, ॲमेझॉन, बोर्निओ. आमच्या भोवती साग, ऐन, धावडा आणि उन्हाळ्यात वाळलेले गवत. एम.एस्सी.च्या मुलांना पश्चिम घाटातल्या अगुंबे किंवा सायलेंट व्हॅलीच्या सदाहरित जंगलात न्यावे, की इथे काही होऊ शकते?
*— प्राध्यापक, सिंदेवाही तालुका*

इथेच घ्या. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर आहे आणि विदर्भ साधारण एकोणीस ते बावीस अंशांत येतो, म्हणजे आपण पूर्णपणे उष्णकटिबंधात आहोत. आपले पानगळीचे जंगल हे उष्णकटिबंधाचेच एक रूप आहे, आणि सदाहरित जंगलापेक्षा जास्त धोक्यात असलेले. १९६३ साली स्थापन झालेल्या ऑर्गनायझेशन फॉर ट्रॉपिकल स्टडीज या संस्थेने पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या मुक्कामी वर्गांची पद्धत कोस्टा रिकात रुजवली. त्यांचे ला सेल्वा केंद्र वर्षावनात आहे, पण पालो वेर्दे हे केंद्र कोरड्या जंगलात. डॅनिएल जॅन्झेन यांनी त्याच देशातल्या ग्वानाकास्ते भागात आयुष्यभर काम केले आणि १९८८ मध्ये ठामपणे मांडले, की उष्णकटिबंधातल्या मोठ्या परिसंस्थांत कोरडे जंगल सर्वाधिक संकटात आहे. कारण सरळ आहे. ही जमीन शेतीला आणि चराईला सोयीची असते आणि इथली झाडी पेटवून साफ करता येते.

अभ्यासाच्या दृष्टीने या जंगलाचे मोल त्याच्या कोरड्या महिन्यांत आहे. पाने नसताना पळस, सावर, सालई फुलतात. मग पाणी कुठून येते, परागण कोण करते, फुलांतला मधुरस कोण चोरून नेते, असे प्रश्न डोळ्यांसमोर उभे राहतात. सागाच्या पानांची ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये अळ्या अशी चाळण करतात, की निव्वळ शिरांची जाळी उरते. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी फाटलेली आणि धावड्याची गुळगुळीत. दोघांवर वाळवीचा लेप सारख्याच उंचीपर्यंत चढतो का? पावसाळ्यानंतर जंगलाच्या कडेला मोठ्या कोळ्यांची जाळी, बोडीवर, म्हणजे छोट्या तळ्यावर, चतुर, धानाच्या बांधीत बेडूक. महिन्याभराच्या वर्गाला पुरतील इतके प्रश्न एका शिवारात सापडतात.

दूरच्या सहलीला आमची हरकत वेगळ्याच कारणासाठी आहे. जाण्यायेण्यात चार दिवस जातात, उरलेले दिवस नावे ओळखण्यात, आणि त्या जागी विद्यार्थी पुन्हा कधी जाऊ शकत नाही. महाविद्यालयापासून तासाभरावरच्या जंगलात आखलेली तीच चौकट नोव्हेंबरात आणि पुन्हा मार्चमध्ये मोजता येते. ऋतूंवर चालणाऱ्या जंगलात हा दुसरा फेरा पहिल्याइतकाच शिकवून जातो.

प्रश्न : वर्ग किती दिवसांचा, कोणत्या महिन्यात, आणि दिवसभराचे वेळापत्रक कसे ठेवावे?
*— विभागप्रमुख, अर्जुनी मोरगाव*

बारा ते चौदा दिवस. आठवड्याच्या आत आटोपलेला वर्ग सहलच राहतो, कारण पहिले तीन दिवस तर डोळा आणि पाय सरावण्यातच जातात. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा ते डिसेंबर हा काळ उत्तम: नाल्यांत पाणी असते, पाने झाडांवर असतात, कीटक भरपूर. फुलोऱ्याचा अभ्यास हवा असेल तर फेब्रुवारीचा उत्तरार्ध. मे महिना नको. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, दुपारचे काम बंद पडते आणि उष्माघाताचा धोका खरा असतो. पावसाळ्यात रस्ते तुटतात आणि व्याघ्र प्रकल्पांचे गाभाक्षेत्र बहुतेक बंद असते.

विद्यार्थी पंधरा ते अठरा, आणि दर पाच-सहा जणांमागे एक शिक्षक. पहिले तीन दिवस ओळख आणि पद्धती. पुढचे चार दिवस रोज एक प्रश्न: सकाळी शिक्षकाने प्रश्न द्यायचा, दुपारपर्यंत मोजणी, संध्याकाळी आकडेमोड, रात्री जेवणाआधी दहा मिनिटांत मांडणी. आठव्या दिवशी विश्रांती आणि स्वतंत्र प्रकल्पाचा विचार. त्यानंतरचे पाच दिवस प्रत्येकाने किंवा जोडीने आपला प्रश्न घ्यायचा. विश्रांतीचा दिवस कापू नका. तो कापला की दहाव्या दिवसापासून नोंदींत चुका वाढतात आणि आजारपण सुरू होते.

प्रश्न : मुलांना "प्रकल्पासाठी विषय निवडा" म्हटले की सगळे "जैवविविधतेचा अभ्यास" असे लिहून आणतात. प्रश्न विचारायला शिकवायचे कसे?
*— सहायक प्राध्यापक, दर्यापूर*

त्या शीर्षकात प्रश्नच नाही, म्हणून उत्तरही मिळत नाही. दोन आठवड्यांत निघालेली यादी नेहमी अपुरी असते आणि तिच्यावरून काही ठरत नाही.

पहिल्या सरावासाठी आम्ही ॲन्टलायन सुचवू. कोरड्या, सावलीच्या मातीत, जुन्या देवळाच्या ओट्याखाली किंवा गोठ्याच्या वळचणीला, नरसाळ्यासारखे छोटे खळगे दिसतात. तळाशी एक अळी दबा धरून असते आणि घसरून आलेली मुंगी पकडते. साहित्य म्हणजे व्हर्नियर किंवा साधी पट्टी, चमचा, घड्याळ. पहिला तासभर कुणीही मोजायचे नाही, फक्त बघायचे. मग प्रत्येकाने पाच प्रश्न लिहायचे. "ॲन्टलायन खळगा का करतो?" यासारखे प्रश्न बाजूला ठेवायचे, कारण त्यांचे उत्तर संध्याकाळपर्यंत मोजता येत नाही. "मोठ्या अळीचा खळगा मोठा असतो का?" हा चालतो. "बारीक मातीत खळगा उथळ राहतो का?" हाही चालतो, पण आधी "बारीक" म्हणजे काय ते ठरवून. माती अर्धा आणि एक मिलिमीटरच्या चाळणीने चाळून घ्या.

तीस खळगे घ्या. आधी व्यास मिलिमीटरमध्ये, मग खोली, आणि शेवटी चमच्याने अळी उचलून तिची लांबी. क्रम उलटा झाला की खळगा ढासळतो आणि व्यास हातचा जातो. मोजलेल्या अळ्या दुसऱ्या जागी सोडा, नाहीतर दुपारची तुकडी त्याच अळ्या पुन्हा मोजते. आदल्या रात्री सर पडली असेल तर काम पुढे ढकला. खळगे त्याच सकाळी नव्याने केलेले असतात आणि अर्धवट असतात. तीस ठिपक्यांचा आलेख हाताने काढायला लावा, संगणक नंतर. त्या आलेखातून बाहेर पडलेला एखादा ठिपका विद्यार्थ्याला पुढचा प्रश्न देतो, आणि वर्गाचे खरे काम तिथे सुरू होते.

दुसऱ्या दिवशी पाने घ्या. सागाची कोणती पाने अळ्या जास्त खातात, सावलीतली की उन्हातली? दहा झाडे, प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंची पाच-पाच पाने. पान मिलिमीटर-कागदावर ठेवून खाल्लेले चौकोन मोजा किंवा मोबाइलने सरळ वरून फोटो घेऊन इमेजजे या मोफत प्रणालीत क्षेत्रफळ काढा. फोटोत पट्टी ठेवायला विसरलात तर तो फोटो फुकट. आणि गळून पडलेली पाने मोजू नका. सर्वांत जास्त खाल्लेली पाने आधी गळतात, त्यामुळे झाडावर आणि जमिनीवर दोन वेगळी उत्तरे येतात.

प्रश्न : मी वणव्याचा गवत-झुडपांवरचा परिणाम पाहिला. जळालेल्या पट्ट्यात वीस आणि न जळालेल्या पट्ट्यात वीस चौकटी टाकल्या, दोन सरासरींतला फरक तपासणारी टी-चाचणी लावली, फरक ठळक आला. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक म्हणाले, "तुमचा नमुना चाळीसचा नाही, एक-एकचा आहे." माझे काय चुकले?
*— विद्यार्थिनी, एम.एस्सी. वनस्पतिशास्त्र, अमरावती जिल्हा*

परीक्षकांचे म्हणणे बरोबर आहे. ही चूक इतकी सर्वत्र आढळते, की स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली छापील शोधनिबंध तपासून तिला वेगळे नावच दिले; मराठीत आपण आभासी पुनरावृत्ती म्हणू. एकाच घागरीतले वीस पेले चाखून गावातल्या सगळ्या विहिरींचे पाणी गोड ठरवता येत नाही. तुमच्या वीस चौकटी एकाच जळालेल्या पट्ट्यातल्या आहेत. तो पट्टा दुसऱ्यापेक्षा फक्त आगीने वेगळा नाही. कदाचित तो गावाजवळ आहे म्हणून तिथे चराई जास्त, कदाचित उतार दक्षिणेकडे म्हणून माती कोरडी आणि म्हणूनच आग तिथे शिरली. तुमची चाचणी एवढेच सांगते, की ह्या दोन जागा वेगवेगळ्या आहेत. आगीमुळे वेगळ्या आहेत, हे ती सांगत नाही.

काम दुरुस्त करता येईल. एकमेकांपासून दूर, वेगवेगळ्या वणव्यांत जळालेले सहा पट्टे शोधा. प्रत्येकाजवळ, दोनशे ते पाचशे मीटरच्या आत, त्याच उताराचा, त्याच झाडीचा आणि गावापासून तितक्याच अंतरावरचा न जळालेला पट्टा जोडीला घ्या. प्रत्येक पट्ट्यात एक मीटर बाय एक मीटरच्या पाच चौकटी पुरेत. म्हणजे चौकटी साठ होतील, पण चाचणीत जाणारे आकडे बाराच: प्रत्येक पट्ट्याची एक सरासरी. जोडीतला फरक काढा, आणि त्या सहा फरकांवर जोडीची चाचणी लावा.

सहाच का, तर विलकॉक्सनच्या जोडी-चाचणीत सहाही फरक एकाच दिशेला असतील तर असा निकाल निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता सर्वांत कमी, २/६४ म्हणजे ०.०३१ असते. पाच जोड्या घेतल्या तर ती २/३२, म्हणजे ०.०६२ च्या खाली कधीच येत नाही. परिणाम कितीही मोठा असो, पाच जोड्यांत ०.०५ ची, म्हणजे फरक ठळक मानण्याची रूढ रेषा ओलांडणे अशक्य. हे गणित रानात जाण्याआधी करायचे असते. शक्य असेल तर आठ जोड्या घ्या, कारण एखादी जोडी उलटी निघतेच.

जळालेले पट्टे शोधायला बीटवरच्या वनरक्षकांना भेटा. कुठे, कधी आग लागली ते त्यांना माहीत असते आणि परिक्षेत्र कार्यालयात नोंद असते. जाळरेषा मात्र यात धरू नका. त्या वनविभाग दरवर्षी मुद्दाम जाळतो, त्यामुळे तिथली झाडोऱ्याची घडण एका वणव्याने जळालेल्या जागेपेक्षा निराळी असते. तेंदू आणि मोहाच्या हंगामातल्या आगी कधी लागल्या त्याचा महिना प्रत्येक पट्ट्यासाठी लिहा. फेब्रुवारीतली आणि मेमधली आग सारखी नसते.

चौकट कुठे टाकायची हे खांद्यावरून काठी फेकून ठरवू नका. हात नकळत मोकळ्या जागेकडे वळतो. दोन टेप काटकोनात पसरा, मोबाइलवर यादृच्छिक आकडे काढा, त्या आकड्यांच्या छेदावर चौकट ठेवा, मग तिथे काटेरी झुडूप का असेना.

आता पुन्हा रानात जायला वेळ उरला नसेल, तर प्रबंधाचे शीर्षक "या दोन पट्ट्यांतील झाडोऱ्याची तुलना" असे करा, सरासरी आणि विचलन द्या, चाचणी काढून टाका, आणि आगीशिवाय कोणती कारणे असू शकतील ते लिहा. असा प्रबंध कमी दावा करतो, पण टिकतो.

प्रश्न : परवानग्या कुणाकडून घ्यायच्या? बोर किंवा मेळघाट व्याघ्र प्रकल्पात नेता येईल का?
*— प्राचार्य, वर्धा जिल्हा*

अभयारण्यात शास्त्रीय अभ्यासासाठी शिरण्याची परवानगी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम २८ खाली मिळते आणि राष्ट्रीय उद्यानालाही तीच तरतूद लागू होते. अर्ज मुख्य वन्यजीव रक्षकांच्या नावे, म्हणजे नागपूरच्या प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) कार्यालयात. अर्जात प्रत्येक दिवसाची जागा, पद्धत, माणसांची यादी आणि "काहीही पकडणार नाही" हे स्पष्ट लिहा. किमान तीन महिने आधी द्या. या कायद्याच्या अनुसूचीतला प्राणी पकडणे ही कायद्याच्या भाषेत शिकारच ठरते, मग तो मोजून सोडून दिला तरी. त्यासाठी कलम १२ ची वेगळी परवानगी लागते आणि ती शिक्षणवर्गाला सहज मिळत नाही. जाळ्यात पक्षी धरणे, उंदरांचे सापळे हे विषय पहिल्या वर्गातून वगळाच.

खरे तर पहिल्या वर्गाला व्याघ्र प्रकल्प हवाच कशाला? मेळघाट देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, ताडोबा १९५५ पासूनचे राष्ट्रीय उद्यान. पण गाभ्यात पायी फिरणे, रात्री थांबणे, दोरी बांधून चौकट आखणे यावर साहजिकच बंधने आहेत. वर्गाला पायी फिरता येणारे जंगल हवे. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलावर सामूहिक हक्क मिळालेली अनेक गावे गडचिरोली आणि अमरावती जिल्ह्यांत आहेत. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाला तो हक्क २००९ मध्ये मिळाला. अशा गावात ग्रामसभेपुढे प्रस्ताव ठेवा: कोण येणार, काय मोजणार, गावाला काय देणार. ठराव लेखी घ्या आणि वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना प्रत द्या. गोंदिया-भंडाऱ्याकडे माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातले, तलाव आहेत. तिथे अभयारण्याबाहेर पाणपक्षी आणि पाणवनस्पतींचा वर्ग उत्तम होतो. तलाव ज्यांच्याकडे मासेमारीला आहे त्या संस्थेची संमती मात्र घ्या, कारण त्यांची जाळी आणि तुमचे पाय एकाच पाण्यात असतात.

प्रश्न : साहित्यावर फार खर्च करू शकत नाही. कमीत कमी काय लागेल, आणि वापरताना काय बिघडते?
*— प्रयोगशाळा साहाय्यक, गोंदिया जिल्हा*

तीस मीटरचे टेप चार, दीड मीटरचे शिंप्याचे टेप दहा, नायलॉन दोरी, खुंट्या, होकायंत्र, व्हर्नियर, झिपलॉक पिशव्या, प्लॅस्टिकचे पेले, रद्दी, पुठ्ठे, पेन्सिली. दुर्बिणी दोघांत एक असली तरी चालेल.

झाडांसाठी दहा मीटर बाय दहा मीटरची चौकट आखताना काटकोन चुकतो. कर्ण मोजा, १४.१४ मीटर आला पाहिजे. उतारावर टेप जमिनीला चिकटवून धरला तर चौकट लहान होते: वीस अंशांच्या उतारावर दहा मीटर म्हणजे आडवे अंतर ९.४ मीटरच. तिथे टेप १०.६ मीटरपर्यंत सोडा. खोडाचा घेर छातीच्या, म्हणजे १.३७ मीटर उंचीवर घ्या, आणि त्या उंचीची काठीच कापून प्रत्येक गटाला द्या, म्हणजे उंच आणि बुटक्या मुलांची छाती वेगवेगळी ठरणार नाही. उतारावर वरच्या बाजूने उभे राहून मोजा. त्या उंचीखाली खोड दुभंगले असेल तर प्रत्येक फांटा वेगळा. नेमकी तिथे गाठ असेल तर गाठीच्या वर मोजा आणि उंची लिहा. घेर आणि व्यास हे रकाने अदलाबदल होणे ही रोजची चूक, ३.१४ पटीने जाडजूड झालेली सागाची झाडे तक्त्यात लगेच ओळखू येतात, बारीक रोपटी येत नाहीत.

जमिनीवरच्या कीटकांसाठी पुरलेले पेले हा स्वस्त उपाय आहे, आणि सर्वांत जास्त बिघडणाराही. सात-आठ सेंटिमीटर तोंडाचे दोन पेले एकात एक घालून पुरा, म्हणजे आतला उचलताना माती ढासळत नाही. कड जमिनीच्या बरोबरीने किंवा जराशी खाली. वर राहिली तर मुंग्या वळसा घालून जातात. एक तृतीयांश पाणी, चिमूटभर मीठ, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब. साबण नसेल तर कोळी पाण्यावरून चालत बाहेर येतो. गाडीचे शीतकरण द्रव वापरू नका, ते गोड लागते आणि गुरे, कुत्री, रानप्राणी पिऊन मरतात. पेल्यांत दहा मीटर अंतर. वर तीन सेंटिमीटर उंचीवर खिळ्यांवर टेकवलेले झाकण, नाहीतर एका सरीत सगळे तरंगून जाते. तोंडावर सेंटिमीटरभर भोकांची जाळी, म्हणजे बेडकाची पिल्ले आणि चिचुंद्री आत पडत नाहीत. पुरल्यावर पहिला दिवस पेला बंद ठेवा, कारण उकरलेल्या मातीकडे मुंग्या ओढल्या जातात आणि आकडा फुगतो. अठ्ठेचाळीस तासांनी उचला आणि खड्डे बुजवा. रानडुकरांनी रांगच उकरली तर ती रांग "उद्ध्वस्त" म्हणून लिहा, शून्य म्हणून नाही. आणि हेही विद्यार्थ्यांना सांगा, की पेल्यात जास्त सापडलेला कीटक जास्त फिरणारा असतो, संख्येने जास्त असेलच असे नाही.

वनस्पतींचे नमुने ऑक्टोबरच्या दमट हवेत दोन दिवसांत बुरशीने काळे पडतात. रद्दी पहिले चार दिवस रोज बदला, मध्ये नालीदार पुठ्ठा घाला. वीज नसेल तर नमुने रद्दीत गुंडाळून जाड पिशवीत ठेवा, कागद पुरता ओला होईल एवढे स्पिरिट ओता आणि तोंड बांधा, परतल्यावर वाळवा. फुलाचा रंग, सालीचा पोत, चीक, वास हे तिथेच लिहायचे, कारण वाळल्यावर यातले काही उरत नाही.

नोंदी पेन्सिलने. बॉलपेन घामाने आणि स्पिरिटने पुसले जाते. "दिसले नाही" म्हणजे शून्य आणि "पाहिले नाही" म्हणजे आडवी रेघ. रिकामा रकाना कुणीही सोडायचा नाही. रोज संध्याकाळी प्रत्येक कागदाचा फोटो.

प्रश्न : मुलगी वर्गाला जाणार आहे. वाघ, साप, रात्रीचा मुक्काम यांची काळजी वाटते. आयोजकांना काय काय विचारावे?
*— एक पालक, नागभीड*

वाघाचा प्रश्न तुमच्या तालुक्यात रास्त आहे. उजाडण्याआधी आणि अंधारल्यावर गटाने बाहेर पडायचे नाही, एकट्याने कधीच नाही, वाकून बसून करायच्या कामात एक जण उभा राहून लक्ष ठेवणार, आणि स्थानिक वाटाड्या सोबत. हे चार नियम लेखी आहेत का ते विचारा. मोहाच्या हंगामात पहाटे झाडाखाली अस्वल असते, तेव्हा तो अभ्यास दिवस वर आल्यावर.

सापांत खरी भीती मण्याराची, तीही झोपेत. तो रात्री घरात शिरतो, दंश दुखत नाही, सूजही येत नाही. काही तासांनी पोट दुखते, पापण्या जड होतात. म्हणून जमिनीवर कुणालाही झोपवायचे नाही: खाट आणि गादीखाली खोचलेली मच्छरदाणी. दंशाची शंका आली तरी हातपाय हलू न देता लगेच रुग्णालयात. दोरी आवळणे, चीर देणे, मंत्र यांत वेळ घालवायचा नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर चालणारी प्रतिविषाची लस जवळच्या कोणत्या रुग्णालयात आहे, हे आयोजकांनी वर्गाआधी स्वतः जाऊन पाहिलेले असावे. १०८ ची गाडी मुक्कामापर्यंत येते का, मोबाइलला रेंज कुठे मिळते, स्वतःचे वाहन रात्री उभे असते का, हेही विचारा.

गवतातल्या चिगर या गोचिडासारख्या बारीक किडीच्या चाव्यातून स्क्रब टायफस हा तापाचा आजार होतो. ताप घरी परतल्यावर, आठ-पंधरा दिवसांनी येतो, आणि डॉक्टरांना रानातला मुक्काम सांगितला नाही तर निदान चुकते. काळी खपली अंगावर कुठे आहे का ते पाहावे; काखेत, कमरेला, जांघेत असते. गडचिरोलीत मलेरियाची तपासणीही त्याच वेळी. पायमोजे विजारीवर ओढायचे, गवतात थेट बसायचे नाही, संध्याकाळी आंघोळ करून कपडे बदलायचे.

आग्या मोहोळाखाली अत्तर, धूर, आरडाओरडा नको. विजेच्या दिवसांत चमक आणि गडगडाट यांत तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर काम थांबवून पक्क्या घरात, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचे. एकट्या झाडाखाली उभे राहायचे नाही. प्रत्येकाजवळ तीन लिटर पाणी. जुलाब झाल्यास लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

मुलींसाठी कडी लागणारे संडास-न्हाणीघर, दिवा, सॅनिटरी पॅड टाकण्याची सोय आणि किमान एक शिक्षिका मुक्कामाला हवीच. पाळीच्या दिवसांत कुणी मुक्कामी थांबली तर कारण विचारायचे नाही आणि तिचे गुण कापायचे नाहीत, हा नियम पहिल्याच संध्याकाळी सर्वांसमोर सांगायचा.

प्रश्न : आमच्या गावात दरवर्षी कुठल्या ना कुठल्या कॉलेजची मुले येतात, आम्ही झाडे दाखवतो, ती जातात. पुढे काही कळत नाही. हे असेच चालायचे का?
*— ग्रामसभा सदस्य, धानोरा तालुका*

नाही. पुढच्या वेळी ठरावातच अटी घाला. वाटाड्याला रोजची मजुरी, आणि ती तुमची ग्रामसभा ठरवील तेवढी. रात्रीच्या कामाला वेगळी. जो माणूस झाडे ओळखून देतो त्याचे नाव, त्याची संमती असेल तर, अहवालात यावे. गोंडी किंवा माडियातले झाडाचे नाव गावाच्या नावासह लिहिले जावे, कारण दहा कोसांवर तेच नाव दुसऱ्या झाडाला असते. औषधाची माहिती सांगायची की नाही हे तुम्ही ठरवायचे. एकदा छापली की परत घेता येत नाही. गावाची जैवविविधता व्यवस्थापन समिती असेल तर लोकजैवविविधता नोंदवहीत विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासून घाला. त्यांची छायाचित्रे आणि शास्त्रीय नावे तिथे कामाला येतात.

महाविद्यालयाकडून दोन गोष्टी मागा. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी समाजमंदिरात मराठीत मांडणी, जिथे गावकरी प्रश्न विचारतील. बऱ्याच वेळा विद्यार्थ्यांच्या चुका तिथेच सापडतात, जसे की त्यांनी न जळालेला समजलेला पट्टा दोन वर्षांपूर्वी जळालेला असतो. आणि महिन्याभरात चार पानांचा मराठी अहवाल: काय मोजले, कुठे, काय निघाले, नकाशासह. चौकटींच्या चारी कोपऱ्यांचे जीपीएस अंक त्यात असलेच पाहिजेत, म्हणजे पुढच्या वर्षी दुसरे कॉलेज आले तर तुम्ही त्यांना त्याच चौकटीवर नेऊन उभे करू शकाल. अनामत रक्कम ठेवून घ्या आणि अहवाल हाती आल्यावर परत करा.